उन्हाळ्यातील दुर्मीळ पक्षी आणि त्यांच्या नोंदी

नमस्कार, श्रोतेहो.

महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हटला की हिवाळाच डोळ्यांसमोर येतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जलाशयांवर स्थलांतरित पक्ष्यांची गर्दी असते आणि त्यांना पाहणाऱ्यांचीही असते. एप्रिल उजाडला की बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. मात्र उन्हाळ्यात एखादा दुर्मीळ पक्षी दिसला, तर तो बहुधा विणीच्या कामात असतो किंवा संकटात सापडलेला असतो. त्यामुळे उन्हाळी नोंद मोलाची ठरते, तशीच ती जोखमीचीही ठरते. आज बोलायचे आहे ते या दृष्टीने.

सुरुवात रानपिंगळ्यापासून करू. सातपुड्यातील साग निष्पर्ण होतो त्या दिवसांत हा छोटा पिंगळा उघड्या फांदीवर भर दिवसा बसलेला दिसू शकतो, कारण इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री वावरणारा नाही. 1884 नंतर त्याची एकही विश्वसनीय नोंद नव्हती. ब्रिटिश सैन्याधिकारी आणि पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला एक नमुना संग्रहालयात होता खरा. परंतु तो जुन्याच संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केले. ही खोटी नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात हा पक्षी रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या समोर आला. पुढे मेळघाटात आणि 2014 मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही तो आढळला. एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची किती दिशाभूल होऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुर्मीळ पक्ष्याच्या दाव्यावर तज्ज्ञ छायाचित्र, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि नेमकी तारीख का मागतात, ते कळते. अशा चौकशीचा राग मानू नये.

मे महिन्याच्या उत्तरार्धात नवरंग येऊ लागतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून विणीसाठी उत्तरेकडे परतणारा हा पक्षी रात्री प्रवास करतो, आणि शहरातील दिव्यांनी व काचांनी गोंधळून कधी जिन्यात, कधी गॅलरीत निपचित पडलेला सापडतो. असा पक्षी हाती लागल्यास त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात व शांततेत त्याला ठेवावे आणि वनविभागाला किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवावे. अनेकदा त्याला हवी असते ती केवळ काही तासांची विश्रांती.

हाच नियम समुद्री पक्ष्यांनाही लागू पडतो, किंबहुना अधिकच. सूटी टर्न या नावाने ओळखला जाणारा काळ्या पाठीचा सुरय किंवा मास्क्ड बूबी हे खोल समुद्रावरचे पक्षी. एरवी ते किनाऱ्याकडे फिरकत नाहीत. मॉन्सूनच्या तोंडावर वारे उसळले, की ते थकून कोकणच्या किनाऱ्यावर, क्वचित आत लोकवस्तीतही येऊन पडतात. जून 2020 मधील निसर्ग किंवा मे 2021 मधील तौक्ते यांसारख्या वादळांनंतरचे दिवस म्हणूनच किनाऱ्यावरील निरीक्षकांना महत्त्वाचे वाटतात. दमलेल्या पक्ष्याला पुन्हा लाटांत सोडणे हा भला वाटणारा, पण घातक उपाय आहे.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर कोकणात दाखल होणारा तिबोटी खंड्या मात्र संकटात नसतो. त्याच्यावर संकट आपण आणतो. चिमणीहूनही लहान वाटावा असा हा जांभळ्या-नारिंगी रंगाचा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदतो, आणि पिलांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे भरवतो. बिळासमोर छायाचित्रकारांची रांग लागली, की चोचीत घास घेतलेले पालक दूरच्या फांदीवर ताटकळत राहतात. छायाचित्र कितीही देखणे असो, मला त्यात ती उपाशी पिले दिसतात.

जलाशयांवरची गोष्ट याहून वेगळी नाही. एप्रिल-मे महिन्यांत धरणांतील पाणी ओसरून वाळूची बेटे उघडी पडतात, आणि नदी सुरय व छोटा आर्ली तेथे उघड्यावरच अंडी घालतात. बोट बेटाला लागली आणि पक्षी उठला, तर त्याच्या सावलीवाचून ती अंडी उन्हात काही वेळातच तापून निकामी होऊ शकतात. अशा बेटांची नोंद दुरूनच, दुर्बिणीतून घ्यावी. चातकाच्या बाबतीत एवढी काळजी लागत नाही. मॉन्सूनच्या वाऱ्यांबरोबर येणाऱ्या या पक्ष्याचे पहिले दर्शन कोणत्या तारखेला, कोणत्या गावी झाले, एवढे टिपून ठेवले तरी वर्षानुवर्षांच्या तुलनेला ते उपयोगी पडते.

शेवटी माळढोक. सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये घोषित झाले. आज तेथे बुद्धपौर्णिमेच्या सुमारास पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणिगणनेत माळढोक दिसला की नाही, हीच बातमी होते. मादी बहुधा एकाच अंड्याची वीण करते, तीही जमिनीवर. तेव्हा श्रोतेहो, उन्हाळ्यात वा पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या माळरानावर आपणांस हा पक्षी दिसलाच, तर दिनांक, वेळ, संख्या आणि त्याचे वर्तन लिहून ते प्रथम वनविभागाला कळवा, आणि तो नेमका कोणत्या माळावर होता हे समाजमाध्यमांवर मुळीच टाकू नका.

नमस्कार.