चिऊताई दार का उघडत नाही?

बडोद्यातला दांडिया बाजार. इथल्या मराठी घरातलं चार वर्षांचं मूल दिवसभर दोन भाषा ऐकतं. बालवाडीत गुजराती गोष्टीतल्या चका-चकीची, म्हणजे चिमणा-चिमणीची, खिचडी शिजते, घरी काऊ चिऊताईचं दार ठोठावतो.

तो प्रसंग नीट ऐका.

‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’
‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’
पुन्हा हाक. ‘थांब, बाळाचं अंग पुसते.’
पुन्हा हाक. ‘थांब, बाळाला काजळ लावते.’

काऊची हाक तीच. ‘थांब’ही तोच. बदलतं ते पुढचं काम, म्हणून मुलाचं सगळं लक्ष तिथे जातं. कामांचा क्रम त्याच्या रोजच्या अंघोळीचाच, त्यामुळे तिसऱ्या हाकेला पुढचं वाक्य त्याला आधीच सुचतं. ‘बाळाला’ कुठे आणि ‘बाळाचं’ कुठे, हे व्याकरण कुणी न शिकवता कानात बसतं.

बडोद्यात याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो फार मोलाचा. गुजरातीत ‘हुं खाउं छुं’ मुलगाही म्हणतो, मुलगीही. मराठीत मात्र तो ‘खातो’, ती ‘खाते’. गोष्ट आजोबा सांगत असले तरी चिऊच्या तोंडी ‘घालते’, ‘पुसते’, ‘लावते’ हेच येतं. बोलणारी चिऊ आहे, हे मूल क्रियापदावरूनही ओळखू लागतं.

गोष्ट फसते ती बहुधा सांगण्यात. मोठी माणसं कंटाळतात आणि ‘मग चिऊनं बाळाला तयार केलं’ म्हणून उरकून टाकतात. निदान तीन हाका तरी हव्यात, नाहीतर साचा बसतच नाही. मध्येच ‘न्हाऊ म्हणजे काय, सांग बघू’ असं विचारलं की ताल तुटतो. त्यापेक्षा तांब्याने पाणी ओतल्याचा अभिनय करावा. आणि ‘थांब’च्या आधी क्षणभर गप्प राहावं, तो शब्द मुलाला म्हणू द्यावा.

म्हातारीचा भोपळा ‘वेगाने गेला’ म्हटलं तर मूल नुसतं ऐकतं. ‘टुणुक टुणुक’ म्हटलं की जागच्या जागी उसळतं. नुकतं वाचू लागलेल्यांनाही हा शब्द सोपा: तीन अक्षरं, दोन उकार, जोडाक्षर नाही, आणि लगेच तोच शब्द पुन्हा.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली सेंट्रल लायब्ररी सुरू केली. पुस्तक घरापर्यंत यायची वाट झाली. मात्र ते निवडताना चित्रं पाहण्याआधी एक पान मोठ्याने वाचावं. वाक्य एका श्वासात संपतं का? नवा शब्द पुढच्या एक-दोन पानांत पुन्हा भेटतो का? ‘चिमणीने आकाशात उड्डाण केले’ असं लिहिलेलं पुस्तक खुशाल परत ठेवावं. ‘चिमणी भुर्रकन उडाली’ असेल, तर घरी आणावं. ‘भुर्रकन’मध्ये जोडाक्षर आहे खरं, पण ते मुलाने कितीदा तरी ऐकलेलं असतं, म्हणून वाचताना फारसं अडत नाही.