नेनाद ब्येकोविच आणि 1986-87 चा घोळ: विजेतेपद नक्की कोणाचं?

नमस्कार मंडळी. बेलग्रेडच्या पार्टिझान फुटबॉल क्लबचं नाव काढलं की खाली प्रश्न येतोच: 1986 चा युगोस्लाव्ह चॅम्पियन कोण, पार्टिझान की त्याच शहराचा रेड स्टार? आज तो सोडवू, आणि त्यासाठी पार्टिझानचे खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक असलेले नेनाद ब्येकोविच यांची कारकीर्द बघू.

ओळख झटपट. जन्म 1947, सर्बियाच्या बनात भागातलं लाझारेव्हो गाव. 1969 मध्ये पार्टिझानमध्ये, स्ट्रायकर. 1975-76 ला 24 गोल, लीगमध्ये सर्वाधिक. शेवटच्या फेरीत लुब्लियानात ओलिंपियाला हरवायलाच हवं होतं, नाहीतर हायदुक स्प्लिट चॅम्पियन. अगदी अखेरच्या क्षणी गोल केला तो ब्येकोविच यांनीच, 1-0. मग 1981 पर्यंत फ्रान्सचा नीस क्लब.

1984 पासून पार्टिझानचे प्रशिक्षक. त्याच वर्षी यूएफा कप या युरोपातल्या क्लब स्पर्धेत लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्यांना 6-2 धुतलं. हा सामना आर्सेनलच्या हायबरी मैदानावर झाला, कारण रेंजर्सच्या मैदानावर कृत्रिम गवत होतं. परतीच्या सामन्यात बेलग्रेडमध्ये पार्टिझान 4-0 जिंकला. एकूण 6-6, आणि लंडनमधले ते दोन गोल कामी आले: बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा. 6-2 हरतानाही परक्या मैदानावरचे दोन गोल किती मोलाचे असत, हे बघा!

आता मुख्य गाठ. 1985-86 ची शेवटची फेरी. पार्टिझान आणि रेड स्टारचे गुण सारखे, गोलफरकात (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पार्टिझान पुढे. सामने ठरवून खेळल्याच्या संशयावरून फुटबॉल संघटनेने संपूर्ण फेरी पुन्हा खेळायला सांगितली. पार्टिझानने सारायेव्होच्या झेल्येझ्निचार क्लबविरुद्धचा फेरसामना खेळायला नकार दिला. तो 0-3 हरल्याची नोंद झाली आणि विजेतेपद रेड स्टारकडे गेलं. शिवाय पुढच्या मोसमाआधीच पार्टिझानसह दहा क्लबांचे सहा-सहा गुण कापले.

इथे सगळे चुकतात. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे. म्हणजे सहा गुण म्हणजे आजच्यासारखे दोन विजय नव्हेत, पूर्ण तीन विजय! पहिली शिट्टी वाजण्याआधीच तीन विजय गेले. गुण न कापलेला वार्दार स्कोप्ये क्लब 1987 ला पहिला आला तो यामुळे.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं, शिक्षा रद्द झाल्या. कापलेले गुण पुन्हा धरा, 1987 ला पार्टिझान पहिला. फेरसामन्याचा निकाल बाजूला ठेवा, 1986 लाही पार्टिझानच. "कोर्टाने दिलेली विजेतेपदं" हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. कोर्टाने एकही गोल दिला नाही. मैदानात मिळालेले गुण कुणीतरी काढून घेतले होते, ते परत आले, एवढंच.

मग गोंधळ का टिकला? कारण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत युरोपियन कपमधल्या, म्हणजे देशोदेशीच्या विजेत्यांच्या स्पर्धेतल्या, जागा वाटून झाल्या होत्या. 1986-87 ला रेड स्टार खेळला, 1987-88 ला वार्दार, पोर्तुगालच्या पोर्तोविरुद्ध. जुन्या यादीत ही नावं दिसली की लोक तीच चॅम्पियन धरतात. युरोपमध्ये कोण गेलं यावरून देशातला चॅम्पियन ठरवू नका, निदान या दोन वर्षांपुरतं तरी. ब्येकोविच यांच्या खात्यात प्रशिक्षक म्हणून दोन्ही विजेतेपदं लिहायची. तिथे शून्य दिसलं, तर तो तक्ता जुना आहे.

नंतर नीसचं प्रशिक्षकपद, आणि मग पार्टिझानमध्येच दीर्घकाळ स्पोर्टिंग डायरेक्टर. देश फुटला, निर्बंध आले, खेळाडू बाहेर गेले, त्या दिवसांत संघ उभा ठेवणं हे मला त्यांच्या गोलांपेक्षाही मोठं काम वाटतं. ते त्या पदावर असतानाच, 2003 मध्ये, लोथार माथेउस प्रशिक्षक असताना पार्टिझान घरी इंग्लंडच्या न्यूकॅसलकडून 0-1 हरला, मग न्यूकॅसलमध्ये जाऊन 1-0 जिंकला आणि पेनल्टींवर चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचला. गटात रेआल माद्रिद, पोर्तो, मार्सेय. तीन गुण, शेवटचा क्रमांक. पण बेलग्रेडमध्ये तिघांपैकी एकालाही जिंकू दिलं नाही: रेआलशी 0-0, पोर्तोशी 1-1, मार्सेयशी 1-1.