कपाटातला क्लाउड

(दांडिया बाजार, सकाळ. वाचनालयाचं शटर वर जातं.)

बडोद्याचा दांडिया बाजार. शटर वर गेलं की काका आधी पेपर मांडतात आणि मग कॉम्प्युटर लावतात. वाचनालय ही गोष्ट या शहराला नवी नाही, १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, पुस्तकं लाकडी पेट्यांतून खेडोपाडी जायची.

(दाखल रजिस्टरचं पान.)

हे आमचं जुनं रजिस्टर. शाई फिकी झालीय, पण पान उलटलं की वाचता येतं, कुणाला विचारावं लागत नाही.

कॉम्प्युटरवर मात्र तसं नव्हतं. सभासदांची यादी, वर्गणी, सगळं एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्याच कॉम्प्युटरवर, आणि एकदा वर्षाचे पैसे भरायला उशीर झाला तर यादी दिसते पण त्यात एक नाव घालता येईना. आपलीच यादी!

(कपाट उघडतं.)

हा दान आलेला जुना डेस्कटॉप. यात लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, त्यावर नेक्स्टक्लाउड, म्हणजे आपल्याच मशीनवरचा आपला क्लाउड, आणि त्याच्या आत कोलाबोरा, म्हणजे ब्राउझरमध्येच फाईल उघडते आणि दोघं-तिघं एकदम लिहू शकतात. हार्ड डिस्क दोन, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं. तिसरी डिस्क दर शनिवारी बॅकअप घेऊन काकांच्या घरी जाते, कारण चोरी झाली, पाणी शिरलं तर कपाटातल्या दोन्ही एकदमच जाणार.

बाकी मशीनवर लिबरऑफिस, पत्रं आणि हिशेबाच्या शीट करायचं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या आधीचं ओपनऑफिस ओरॅकल कंपनीच्या हातात गेलं तेव्हा ते बनवणाऱ्यांपैकीच बरेच जण २०१० मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी हे सुरू केलं. फाईलचा फॉरमॅट ओडीएफ, २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्ड, कुणीही वापरा.

(स्क्रीन, अगदी जवळून.)

आता हे नीट बघा. वार्षिक सभेची सूचना, ओडीटी फाईल, म्हणजे ओडीएफमधलंच लिखाण. फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं ओडीटीची बदलून झिप केली, उघडलं, आत कंटेंट नावाची एक फाईल, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर खुणांच्या गर्दीत आपलं मराठी स्वच्छ दिसतंय, "सर्व सभासदांस कळविण्यात येते की". उद्या लिबरऑफिस नसलं तरी हे वाक्य वाचता येईल.

खरा घाम काढला तो जुन्या फाईलींनी. त्या युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसावं अशा अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या, तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. कॉलेजच्या दोन मुली रोज संध्याकाळी बसल्या, कन्व्हर्टरमधून काढलेलं एकेक पान कागदाशी ताडून बघितलं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात जास्त चुकायची. इंग्रजी पत्रांत मायक्रोसॉफ्टच्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो हा मोफत फॉन्ट घातला, अक्षरांची रुंदी तीच, त्यामुळे ओळी हलल्या नाहीत.

जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलं. आमचे चार आहेत.

वर्गणीच्या शीटमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम, चालले नाहीत, ती शीट नव्याने केली.

(संध्याकाळ.)

आज शनिवार. काकांनी डिस्क काढली, रुमालात गुंडाळली, स्कूटरच्या डिकीत ठेवली.