फ्रान्सचं आरमार नेमकं कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

जून १९४०. जर्मन सैन्यापुढे फ्रान्सचं भूदल अवघ्या सहा आठवड्यांत कोसळलं. आरमार मात्र शाबूत होतं. समुद्रावर त्यानं हार खाल्लीच नव्हती. २२ जूनच्या युद्धबंदी करारात एक कलम होतं, की फ्रेंच जहाजांनी जर्मनी-इटलीच्या देखरेखीखाली शस्त्रं उतरवावीत. आरमारप्रमुख ॲडमिरल दार्लां यांनी इंग्रजांना शब्द दिला होता, की एकही जहाज शत्रूच्या हाती पडू देणार नाही. चर्चिल यांना तेवढ्या शब्दावर विसंबायचं नव्हतं.

३ जुलैच्या सकाळी अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबिर बंदराबाहेर ब्रिटिश ताफा येऊन उभा राहिला. आमच्या बाजूनं लढा, ब्रिटिश बंदरात चला, वेस्ट इंडीजला जा, नाहीतर सहा तासांत जहाजं बुडवा, असा निर्वाणीचा खलिता घेऊन कॅप्टन हॉलंड आले. फ्रेंच ॲडमिरल जांसूल यांनी सुरुवातीला त्यांना भेटायचंच नाकारलं. एका ॲडमिरलकडे कॅप्टन पाठवतात, हे त्यांना खटकलं. त्यांनी वरिष्ठांना जी तार केली, तिच्यात वेस्ट इंडीजचा पर्याय आलाच नाही. मला तो दिवस आठवला की ही तारच पुन्हा पुन्हा आठवते. कारण तो पर्याय मानाला धक्का न लावता स्वीकारता आला असता.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ब्रिटिश तोफा सुरू झाल्या. ‘ब्रेताञ’ ही युद्धनौका स्फोटानं उलटली. एकूण १,२९७ फ्रेंच खलाशी गेले. काही दिवसांपूर्वीपर्यंत याच दोन आरमारांनी खांद्याला खांदा लावून जर्मनीशी लढा दिला होता! त्यानंतर लंडनहून जर्मनीविरुद्धचा लढा पुढे चालवणाऱ्या जनरल द गॉल यांच्याकडे जायला बहुतेक फ्रेंच नाविकांचं मन घेईना, यात नवल काय?

त्याच दिवशी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात थांबलेल्या फ्रेंच ताफ्यापुढे हाच पेच पडला होता. तिथे ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम आणि फ्रेंच ॲडमिरल गोद्फ्रुआ यांची चांगली ओळख होती. कनिंगहॅम यांनी लंडनची घाई अंगाला लावून घेतली नाही. वाटाघाटी झाल्या, फ्रेंचांनी इंधन उपसून टाकलं, तोफांचे महत्त्वाचे भाग किनाऱ्यावर ठेवले. एकही गोळी सुटली नाही. गोद्फ्रुआ मात्र जर्मनीशी युद्धबंदी केलेल्या मार्शल पेतां यांच्या सरकारशी एकनिष्ठच राहिले. त्यांची जहाजं दोस्तांना मिळाली ती थेट मे १९४३ मध्ये.

त्यांच्याच ताफ्यातला एक अधिकारी, ओनोरे देस्तिएन दॉर्व, १९४० च्या जुलैमध्येच बाहेर पडला. पाच मुलांचा बाप, जुन्या सरदार घराण्यातला. लंडन गाठून तो द गॉल यांच्याकडे रुजू झाला, गुप्तहेर म्हणून फ्रान्समध्ये परतला, आणि त्याच्याच रेडिओ ऑपरेटरनं त्याला दगा दिला. २९ ऑगस्ट १९४१ ला पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियाँ किल्ल्यात जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. गोद्फ्रुआ आणि दॉर्व, दोघंही आपण फ्रान्सचीच सेवा करतोय असं मनापासून मानत होते. माझं मत विचाराल तर सेनापतीच्या हुकमापलीकडे देश दिसला तो दॉर्वला.

नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्तांची फौज उत्तर आफ्रिकेत उतरली. तिथे असलेले दार्लां आता दोस्तांच्या बाजूला आले आणि त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या तूलाँ बंदरातल्या ताफ्याला आफ्रिकेत बोलावलं. त्या ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल लाबोर्द यांनी साफ नकार दिला. इंग्रजांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. २७ नोव्हेंबरच्या पहाटे जर्मन रणगाडे धक्क्यावर आले, तेव्हा लाबोर्द यांनी जहाजं बुडवण्याचा हुकूम दिला. सत्तरांहून अधिक जहाजं, तीन मोठ्या युद्धनौकांसह, स्वतःच्याच बंदरात तळाला गेली. दार्लां यांचा जुना शब्द खरा ठरला. पण जे आरमार आठवडाभर आधी समुद्रात निघून गेलं असतं तर लढलं असतं, ते कुणाच्याच कामी आलं नाही. याचं दुःख मला आजही वाटतं.

काही पाणबुड्या मात्र निसटल्या. त्यांतली कमांडर लेर्मिनिए यांची ‘कासाबियांका’ अल्जिअर्सला पोहोचली. सप्टेंबर १९४३ मध्ये तिनं १०९ फ्रेंच सैनिक पोटात कोंबून कॉर्सिकाच्या आजाक्सियो बंदरात उतरवले.

लाबोर्द यांना युद्धानंतर मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती पुढे तुरुंगवासात बदलली.