लॅपटॉपचा बायोस: बोर्ड नंबरापासून सुरुवात

तुमच्यापैकी बरेच जण रिपेअरिंगच्या टेबलावर बसता, म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो. पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही. सप्लाय तपासून झाले, रॅम बदलून झाली, बायोसवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रामवर संशय येतो. मग आपण काय करतो? लॅपटॉपच्या पाठीवरचं मॉडेल वाचतो आणि त्या नावाची बायोसची फाइल शोधायला लागतो. गाडी चुकते ती इथेच.

डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच लॅपटॉपचे बोर्ड कॉम्पाल, क्वांटा, विस्ट्रॉन अशा तैवानी कंपन्या तयार करतात. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगळे बोर्ड निघतात: एकात स्वतंत्र ग्राफिक्स चिप, दुसऱ्यात नाही. म्हणून आधी बोर्डावर छापलेला नंबर शोधा. कॉम्पालचा असेल तर तो ‘एलए’ने सुरू होऊन ‘पी’ने संपतो, क्वांटाचा बहुधा ‘डीए०’ने सुरू होतो. कधी तो रॅमच्या स्लॉटखाली दडलेला असतो, कधी पंख्याखाली. शेजारी रिव्हिजन, म्हणजे बोर्डाची आवृत्ती असते, तीही टिपून घ्या.

आता चिपकडे या. बायोस साठवणारी आठ पायांची फ्लॅश चिप, समजा विनबाँड २५क्यू६४. यातले ६४ हे मेगाबिट, म्हणजे ८ एमबी. तुमची फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइट्सचीच हवी. काही बोर्डांवर ८ आणि ४ एमबीच्या दोन चिपा असतात, तिथे कुठली फाइल कुठे जाते ते पाहावं लागतं. नावाच्या शेवटी ‘एफव्ही’ असेल तर चिप ३.३ व्होल्टची आणि ‘एफडब्ल्यू’ असेल तर १.८ व्होल्टची. १.८ च्या चिपला ॲडॅप्टरशिवाय साधा प्रोग्रामर (चिप रीड-राइट करायचं यंत्र) लावलात तर चिप हातची जाऊ शकते.

आणि हे मी कळकळीने सांगतो: काहीही राइट करण्याआधी जुनी चिप रीड करा. दोनदा रीड करा, दोन्ही फाइली ताडून पाहा. जुळल्या नाहीत तर प्रोग्रामरची क्लिप चिपवर नीट बसलेली नाही. त्या खराब वाटणाऱ्या डंपमध्ये, म्हणजे चिपमधून रीड केलेल्या फाइलमध्ये, गिऱ्हाइकाच्या मशीनचा सीरियल नंबर असतो, यूयूआयडी (मशीनचा एकमेव ओळख क्रमांक) असतो, विंडोज ८ पासून पुढच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा विंडोजची कीसुद्धा असते. ती गिऱ्हाइकाची मालमत्ता आहे. दुसऱ्याचा डंप जसाच्या तसा मारला, तर गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये परक्याची ओळख जाते. लॅपटॉप चालू झाला म्हणून ते काम पुरं झालं असं मी मानत नाही.

कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल सर्वात विश्वासाची, पण ती थेट चिपवर मारायची नसते. बऱ्याचदा तिच्यावर वेष्टण असतं, किंवा आत फक्त बायोसचा भाग असतो. इंटेलच्या बोर्डावर पूर्ण इमेजमध्ये (चिपवर जाणाऱ्या पूर्ण फाइलमध्ये) डिस्क्रिप्टर, म्हणजे चिपमध्ये कुठला भाग कुठे आहे याचा नकाशा, आणि एमई, म्हणजे इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा प्रोग्राम, हे भागही लागतात. फाइलमधले बाइट्स दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडा. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘५ए ए५ एफ० ०एफ’ दिसलं, तर डिस्क्रिप्टर आहे. नसेल, तर कंपनीच्या फाइलमधला बायोसचा भाग काढून आपल्याच जुन्या डंपमध्ये बसवायचा. सीरियलची नोंद त्याच भागात असेल, तर ती जुन्यातून परत भरायची. जुन्या डंपचा डिस्क्रिप्टर आणि एमई शाबूत असतील, तर याच्याइतकी योग्य फाइल बाहेर कुठे मिळत नाही.

एमई बिघडला असेल किंवा दुसऱ्या बोर्डाचा असेल, तर डिस्प्ले उशिरा येतो, पंखा जोरात फिरत राहतो, काही मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतात. अशा वेळी त्याच चिपसेटचा, त्याच आवृत्तीचा कोरा एमई घालून इमेज नव्याने बांधावी लागते. राइट झाल्यावर व्हेरिफाय करा. पहिल्यांदा चालू करताना मशीन एक-दोनदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतं, स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते. रॅमची जुळणी नव्याने चाललेली असते. तेवढ्यात पॉवरचं बटण दाबू नका.