तिथी पाहून क्षेत्रभेट

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांच्या भूगोलाच्या क्षेत्रभेटी निघतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा कोकणात जातात. हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरलं, की लाटांनी झिजवलेला खडकाचा सपाट मंच आणि कड्यावरची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, दोन्ही एकाच जागी पाहायला मिळतं. पण भरतीत हा मंच पाण्याखाली जातो. प्रदक्षिणेच्या त्या वाटेवरून लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. म्हणून शिक्षकांना कळकळीनं सांगतो, बस ठरवण्याआधी तिथी बघा.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि त्याआधी सव्वासहा तास, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप खाली जातं खरं, पण पहाटे आणि संध्याकाळी. ऐन दुपारी मुलं उतरायला निघतात, तेव्हा तिथे भरती असते! अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, पाण्यात मंच कमीच उघडा पडतो. मला विचाराल तर तृतीया-चतुर्थी उत्तम. अर्थात हा अंदाज झाला. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी आणि गावातल्या मच्छीमारांनाही विचारावं.

सकाळची ओहोटी गाठायची तर आदल्या रात्री मुक्काम हवा. रात्रभर बसमध्ये जागलेली मुलं थेट शेवाळलेल्या खडकावर उतरवू नका. पाणी उतरत असताना खाली जायचं आणि ते वळलं की मोजमाप अर्धं टाकून वर यायचं. एका शिक्षकानं शिट्टी घेऊन पायऱ्यांवर थांबावं आणि फक्त समुद्राकडे लक्ष ठेवावं. त्याला दुसरं काम देऊ नये. पालकांची संमती, प्रथमोपचाराची पेटी, पकड असलेले बूट, जोडीजोडीनं चालणं, हे तर हवंच. पावसाळ्यात मात्र खाली उतरूच नये.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ वर्गात मुलांकडूनच काढून घ्या. पाणी प्रत्यक्षात कधी वळलं, ते शिट्टीवाल्या शिक्षकांकडून वहीत उतरवून घ्यायला लावा, आणि दोन्हींत किती मिनिटांचा फरक पडला, तो का पडला, यावर परतीच्या बसमध्ये त्यांना बोलतं करा.