बिनखिळ्याची चप्पल

मंडळी... ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात ते चर्चच्या माणसांना, मी आपलं कोल्हापूरच्या सवयीनं म्हणतोय. काकांवर बोलायला उभा राहिलोय खरा, पण ते इथं असते तर मागच्या दारानं सटकले असते. एकदा आमच्या तालमीनं गणपतीत त्यांचा सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला, काकांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं बायबलात सांगितलंय आम्हाला. तुम्ही तर कर्णा लावलाय!”

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं. काकांच्या हाताला वळण लागलं ते तिथल्या परंपरेत. पुढं कोल्हापुरात ड्रेसरची, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधायची नोकरी केली. नोकरीचं फार सांगत नाही. संध्याकाळी सायकल काढून ते शेंडा पार्काकडं जायचे, कुष्ठरोग्यांच्या वस्तीत, त्याबद्दल बोलायचंय.

या रोगात पायाची नस मरते. खडा टोचला तरी माणूस चालत राहतो. भेगेची जखम होते आणि जखम हाडापर्यंत जाते. १९८०च्या दशकात एमडीटीच्या, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायच्या उपचाराच्या गोळ्या आल्या, जंतू मरायला लागले, पण बधिर झालेला तळवा बधिरच राहिला. काका म्हणायचे, “गोळ्या संपल्या की माझं काम सुरू.” पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे हलक्या हातानं घासायचे, ओल्या कातडीवरच तेल लावायचं. मी एकदाच बरोबर गेलो होतो. एका म्हाताऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात काकांनी अंगठा फिरवला आणि बाभळीचा काटा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. म्हातारा काट्याकडं बघतच राहिला. किती दिवस चालला होता त्याच्यावर, कुणाला ठाऊक!

खरा वैरी चप्पल. बाजारच्या चपलेचा खिळा वर आला तरी या पायाला पत्ता नसतो. आपली कोल्हापुरी वादीनं शिवलेली, खिळा नाही, पण तळ कडक. काकांनी ओळखीच्या कारागिराला गाठलं. आत मऊ रबर, वर रुंद पट्टा, टाचेमागं बंद, कारण बधिर पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. कारागीर आधी वैतागला. “ह्येला कोल्हापुरी म्हणू नका कुठं,” म्हणाला. पण पैसे कायम कातड्यापुरतेच घेतले.

माप वर्तमानपत्रावर. पेन्सिलीनं पाऊल आखायचं, झडलेल्या बोटांसकट. रात्री जेवणाआधी ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ म्हणून झालं की पोरं ताटं मांडायला आधी ते कागद उचलायची. घरात भिंतीवर फोटो दोन, पावलं शंभर. काकू चिडायच्या, आणि माझ्या मते त्यांचं चुकत नव्हतं. “रविवार देवाचा, बाकीचे वार पायांचे. माझा कुठला?” काकांना यावर उत्तर सुचलेलं मी कधी ऐकलं नाही. सेवेच्या गोष्टीत हा भाग आपण गाळतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

म्हातारपणी काकांना साखर झाली, त्यांचेच तळवे बधिर झाले. मग रात्री काकू चष्मा लावून बॅटरी घेऊन बसायच्या. इतरांना दम भरणारा हा माणूस मुकाट्यानं पाय पुढं करायचा. एकेक बोट बाजूला करून बघून झालं की त्या बॅटरी विझवायच्या आणि म्हणायच्या, “दुसरा.”